ब्रेक कडक झालाय

मॅनेजरसाहेब स्वतः जिना उतरून पार्किंगमध्ये आले, तेव्हाच बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. एरवी हा माणूस खुर्चीला चिकटलेला. काही निरोप असला की रिसेप्शनवरच्या मुलीला पिटाळायचं, आणि ती बिचारी बाईंच्या धाकानं निरोप अर्धाच सांगून पळायची. आज स्वारी स्वतः आली होती, वर हसत आली होती. म्हणजे नक्कीच काहीतरी शिजलं होतं.

“बाई, चावी द्या,” साहेब म्हणाले. “दुपारच्या फेरीला नवा ड्रायव्हर येतोय. तुम्ही आता जरा आराम करा.”

“आराम मी मागितला होता?”

“तसं नाही हो. पण परवा जे झालं ते तुम्ही पाहिलंत ना?”

पाहिलंत ना! बाईंनी नाही पाहिलं तर कोणी पाहिलं? स्टिअरिंगमागे त्याच तर होत्या, डोळे फाडून. साहेब तेव्हा वरच्या मजल्यावर गार हवेत बसून कोणाला तरी फोनवर ‘हो सर, हो सर’ करत होते. बाईंनी चावी मुठीत घट्ट धरली आणि मूठ ओढणीखाली नेली. पन्नाशी ओलांडलेली बाई खेळणं लपवणाऱ्या पोरीसारखी उभी आहे, हे त्यांचं त्यांनाही कळत होतं. पण कळून उपयोग काय, राग काही खाली बसत नव्हता.

बाई डायलिसिस सेंटरची व्हॅन चालवत. सेंटर टेकाडावर, आणि पेशंट सगळे खाली गावभर पसरलेले. सकाळी त्यांना घरून उचलायचं, वर आणायचं, सुया निघाल्या की पुन्हा खाली घरोघर सोडायचं. व्हॅन जुनी, पेट्रोलची. तिचं मागचं दार बाईंशिवाय कोणाच्या हातानं लागत नसे, आणि हॉर्न मनात आलं तर वाजे. पण चार तास मशीनला जोडून बसलेल्या माणसाला गाडी कशी लागते हे बाईंना पक्कं माहीत होतं. खड्डा आला की त्या आधीच हळू करत. कोणाच्या पायात गोळा आला तर रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून त्याची पोटरी स्वतः चोळून देत, आणि चोळता चोळता त्याला झापतही. “पाणी किती प्यायलात काल? खरं सांगा. डॉक्टरांना थाप मारा, मला नको.” सेंटरमध्ये मागून सगळे त्यांना तोफ म्हणत. पुढून म्हणायची कोणाची टाप नव्हती.

गाडी चालवणं त्यांच्या अंगात मुरलेलं. लग्नाआधी बापाचा बर्फाचा टेम्पो चालवला. बर्फ कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे उशीर हा प्रकारच त्यांना सहन होत नसे. नंतर लॉन्ड्रीची गाडी, मग एका कारखान्याच्या कामगारांची बस. नवरा शिंपी, घरीच मशीन मांडून बसणारा, स्वभावानं थंड. तो म्हणे, “आमच्या घरात इंजिन एकच आहे, मी आपला डबा.” बाईंना हे आवडायचं. आपण इंजिन आहोत याबद्दल त्यांना कधी शंका आली नव्हती. ती शंका या महिन्यात आली, आणि खरा संताप त्याचाच होता.

परवाची गोष्ट अशी. दुपारची फेरी, गाडीत सहा पेशंट, पुढच्या सीटवर निवृत्त गुरुजी. सेंटरपासून मोठ्या रस्त्यापर्यंत वळणावळणाचा उतार आहे. पहिल्या वळणावर ब्रेक लागला. दुसऱ्यावर लागला, पण कुरकुरत. तिसऱ्या वळणावर बाईंनी पाय दिला, आणि पेडल आत जाईचना. भिंतीवर पाय द्यावा तसं. त्यांनी सीटला पाठ रेटली, दात खाल्ले, दोन्ही हातांनी स्टिअरिंगला लटकल्या. गाडी जराशी मंदावली एवढंच. समोर मोठा रस्ता, ट्रकच्या रांगा. बाईंनी गियर खाली ओढला, हँडब्रेक खेचला आणि गाडी सरळ रस्त्याकडेच्या कुंपणात घातली. दिवा फुटला, बंपर लोंबकळला, कोणाचा तरी डबा सांडला. माणसांना खरचटलंसुद्धा नाही.

आता कोणी म्हणेल, शाबास. पण गुरुजी खाली उतरले आणि धावत आलेल्या साहेबांना म्हणाले, “ब्रेक मारायला उशीर झाला हो. बाईंच्या पायात आता तो जोर राहिला नाही.”

झालं! एका वाक्यात तीस वर्षांची गाडी कुंपणात गेली. बाकीचे पेशंट खाली मान घालून गप्प बसले. ज्यांच्या पोटऱ्या बाईंनी चोळल्या होत्या, तेही गप्प. बाईंना त्या क्षणी गुरुजींचा एवढा राग आला की त्यांना उचलून पुन्हा गाडीत टाकावं आणि पुन्हा उतार दाखवावा असं वाटलं.

आणि हे काही अचानक आकाशातून पडलेलं नव्हतं. बाई कधीपासून सांगत होत्या! पहिल्यांदा त्यांनी साहेबांना गाठून सांगितलं होतं, “साहेब, गाडीचा ब्रेक फार कडक झालाय.” साहेबांनी त्यांच्यासमोरच गॅरेजवाल्या वस्तादांना फोन लावला. “वस्ताद, बाई म्हणतात ब्रेक एकदम कडक झालाय.” पलीकडून वस्ताद काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण साहेब खूश होऊन “हो, हो, सांगतो” म्हणाले आणि फोन ठेवला. बाई वाट बघत बसल्या. गाडी न्यायला कोणी आलं नाही.

मग एकदा गॅरेजवरून जाताना त्यांनी खिडकीतूनच ओरडून सांगितलं, “वस्ताद, ब्रेक अजून तसाच कडक आहे!” वस्तादांनी कुठल्यातरी जीपखालून मान बाहेर काढली, काळाकुट्ट अंगठा वर केला आणि म्हणाले, “राहणारच, ताई! आता दोन वर्षं बघायला नको!”

बाईंना वाटलं, हा माणूस चक्क सांगतोय की दोन वर्षं हे असंच चालायचं, सोसा. त्यांनी दिवसभर वस्तादांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण ब्रेक सकाळी ठीक लागे, दुपारी दगड होई. साहेबांनी एकदा स्वतः बसून पेडल दाबलं, एकदाच, सकाळी, गाडी थंड असताना, आणि म्हणाले, “मस्त तर आहे.” ठीक आहे, बाईंनी मनात म्हटलं. सगळ्यांना मस्त लागतंय आणि मलाच दगड लागतोय, तर बिघाड माझ्यातच असेल.

त्या दिवसापासून त्यांनी आपल्या पायाला धारेवर धरलं. स्वयंपाकघरात कणिक मळता मळता उजवा पाय भिंतीला लावून रेटायचा. कपाटाला रेटायचा. तेल चोळायचं. नवरा मशीनवरून बघायचा. एकदा तो सहज म्हणून गेला, “अगं, वय झालं की पाय जड होतो. माझंही मशीन हल्ली मला रेटवत नाही.” तो बिचारा सोबत करायला बोलला होता. बाईंनी हातातलं लाटणं आपटलं आणि त्या रात्री त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मग अंथरुणात पडल्यावर पांघरुणाखाली स्वतःच्या गुडघ्यावर एक गुद्दा हाणला. मेल्या, तूच दगा दिलास.

तर अशी ही बाई चावी मुठीत धरून उभी होती, आणि साहेब हात पुढे करून उभे होते.

तेवढ्यात वस्तादांची स्कूटर फाटकातून आत आली. त्यांना बंपर बसवायला बोलावलं होतं. गाडी परवापासून उभीच होती, आज सकाळी पेशंटही रिक्षांनीच वर आले होते. वस्तादांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, आत बसून पेडल दाबलं, सकाळची वेळ, इंजिन थंड. बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, “ब्रेक तर झकास आहेत, साहेब. ब्रेकचे लायनर मीच टाकलेत नवे, गेल्या महिन्यात.”

“बघा,” साहेब बाईंना म्हणाले. “मी काही मनाचं बोलत नाही. आता यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, पण शेवटी पेशंटच्या जिवाचा प्रश्न…”

“जिवाचा प्रश्न!” बाईंचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला, दोन खिडक्या उघडल्या. “मी बोंबलून बोंबलून सांगत होते तेव्हा कुठे गेला होता जिवाचा प्रश्न? ब्रेक कडक झालाय, ब्रेक कडक झालाय! तुम्हाला सांगितलं, यांना सांगितलं! यांनी काय केलं? अंगठा दाखवला मला!”

वस्ताद गोंधळले. “ताई, तुम्ही रागावता कशाला? तुम्ही तर कौतुक करत होतात.”

“कौतुक?”

“म्हणजे काय? ब्रेक कडक आहे म्हणालात. मी नवे लायनर टाकून दिले, तुम्ही म्हणालात कडक झालाय. मी म्हटलं, चला, एवढ्या वर्षांत या बाईंच्या तोंडून एक चांगला शब्द निघाला. घरी बायकोला पण सांगितलं मी.”

वरच्या खिडकीतून कोणीतरी फिस्सकन हसलं.

“अहो,” बाई दात आवळून म्हणाल्या, “नवा बूट कडक असला आणि पाय सोलून काढला, तर तुम्ही चांभाराचं कौतुक करता का? कडक म्हणजे कडक! पाय द्यावा तर पेडल आत जात नाही! दगड!”

वस्तादांच्या हातातलं फडकं थांबलं. त्यांचा चेहराच बदलला.

“आत जात नाही? पेडल वरच राहतं?”

“मग मी इतके दिवस काय आरती ओवाळत होते?”

“तसं सांगायचं ना, ताई! जाम होतंय म्हणायचं, जड लागतंय म्हणायचं. कडक ब्रेक म्हणजे आमच्यात एक नंबर ब्रेक. गिऱ्हाईक कडक म्हणालं की आम्ही चहा पितो.” मग ते साहेबांकडे वळले. “आणि तुम्ही पण फोनवर तेच. ‘एकदम कडक.’ एकदम!”

“बाई म्हणाल्या तेच मी सांगितलं,” साहेब पुटपुटले.

बाईंना आता कोणावर आधी चिडावं ते कळेना. इतके दिवस हा माणूस खूश होता! त्या पेडलवर जीव तोडत होत्या, आणि हा तिकडे घरी बायकोला सांगत होता! एका शब्दाचे दोन अर्थ, आणि मधे सहा माणसं उतारावरून घरंगळत होती. बरं, निदान एकानं तरी विचारावं, की बाई, कडक म्हणजे कसा? नाही. तोफेला प्रश्न कोण विचारणार? तोफ डागली की कान झाकायचे आणि वाकायचं, एवढंच सगळ्यांना ठाऊक.

वस्ताद तोवर पुन्हा आत शिरले होते. इंजिन बंद ठेवून त्यांनी पेडल लागोपाठ दाबलं, ते हळूहळू ताठ झालं. मग ते तसंच दाबून धरून त्यांनी चावी मागितली. बाईंनी मूठ सोडली नाही. स्वतः खिडकीतून हात घालून चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, आणि वस्तादांच्या पायाखाली पेडल अलगद थोडं खाली गेलं.

“हे बघा, इंजिन हवा ओढतं आणि त्या ओढीनं ब्रेकला मदत होते. त्या काळ्या डब्यातून. ती मदत मिळाली की पेडल असं खाली बसतं. मिळाली नाही की सगळा जोर माणसाच्या पायावर. डबा चांगला दिसतोय, ताई. मदत मिळतेय.”

“म्हणजे गाडी ठीक आहे,” साहेब म्हणाले.

“गाडी थंड आहे!” बाई कडाडल्या. “मी थंड गाडी घेऊन उतार उतरत नाही. गावभर फिरून वर येते, पेशंट भरते, मग उतरते. तापू द्या तिला. आणि एकदा दाबून काय कळतं? उतारावर मी एकदा दाबते का? दर वळणाला दाबते!”

वस्तादांनी मान डोलावली. इंजिन चालू ठेवलं. साहेब दोनदा म्हणाले की मला मीटिंग आहे, आणि दोन्ही वेळा बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते जागचे हलले नाहीत. पुढचा पंखा घरघरायला लागला, बॉनेटवर हात ठेववेना, तेव्हा वस्तादांनी पुन्हा पेडल दाबलं. पहिल्यांदा गेलं. दुसऱ्यांदा अर्धं. तिसऱ्यांदा वस्तादांनी सीटला पाठ टेकवली आणि तोंडातून एक घाणेरडी शिवी निसटली.

“उतरा,” बाई म्हणाल्या. “साहेब, तुम्ही बसा.”

“मी कशाला?”

“तुम्ही जिमला जाता ना रोज? मग बसा. बघू दे तुमच्या पायात किती जोर आहे.”

साहेब बसले. दाबलं. चेहरा लाल झाला, मानेची शीर फुगली. पेडल ढिम्म.

वस्तादांनी बॉनेट उघडलं आणि बोट दाखवलं. इंजिनपासून त्या काळ्या डब्यापर्यंत एक रबरी नळी गेली होती. थंड असताना ती गोल असणार. आता मधोमध चपटी झाली होती, कागदाची नळी ओली झाल्यावर ओढताना होते तशी. इंजिन जीव खाऊन ओढत होतं आणि नळी आपलं तोंड मिटून बसली होती.

“ही नळी इथली नाहीच,” वस्ताद हळूच म्हणाले. मग त्यांना आठवलं, आणि आठवलं ते तोंडावर स्पष्ट उमटलं. “लायनर टाकले तेव्हाच इंजिनही उघडलं होतं, त्यात जुनी नळी फाटली. जाड नळी दुकानात नव्हती. मीच ही पेट्रोलची लावली. तात्पुरती.”

“तात्पुरती,” बाई म्हणाल्या.

“विसरलो, ताई. थंड असताना तग धरते. तापली, मऊ पडली, की…” त्यांनी दोन बोटं एकमेकांवर चिकटवली.

बाईंना वाटलं होतं, कारण सापडलं की राग जाईल. गेला नाही. उलट आता एकेक आठवायला लागलं. कणिक मळताना रेटलेली ती भिंत, ते कपाट, तेलाची बाटली, नवऱ्याशी धरलेला अबोला, पांघरुणाखालचा गुद्दा. बिचाऱ्या पायाला किती बोलल्या होत्या त्या! आणि तो पाय रोज, मदतीशिवाय, एकटा, सहा माणसांची भरलेली गाडी उतारावर धरून ठेवत होता.

वस्ताद गेले ते योग्य ती जाड नळी घेऊनच परत आले. बसवली, पट्ट्या आवळल्या, बंपर चढवला, गाडी पुन्हा तापवली. दाबलं, गेलं. पुन्हा दाबलं, गेलं. साहेबांचा जीव भांड्यात पडला. “चला, मिटलं म्हणायचं. नव्या ड्रायव्हरला मी फोन करून नको म्हणतो. तुम्हीच करा दुपारची फेरी.”

“मिटलं नाही,” बाई म्हणाल्या. “पेशंट बसायच्या आधी मी उतारावर बघणार. आणि तुम्ही शेजारी बसणार. गुरुजींच्या जागेवर.”

साहेबांनी पट्टा लावला. वस्ताद मागे बसले. बाईंनी गाडी उताराला घातली. पहिलं वळण आलं आणि त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला, इतक्या दिवसांची सवय लागली होती तसाच: पाठ रेटून, दात खाऊन, सगळं अंग लोटून.

गाडी जागच्या जागी खिळली. साहेब पट्ट्यासकट पुढे फेकले गेले, चष्मा उडून पायाशी पडला. मागे वस्तादांचे पान्हे सीटखालून खणखणत गेले आणि त्यांच्यामागून वस्तादही.

“अहो बाई!” साहेब किंचाळले. “जीव घेता काय! काय जोर आहे पायात तुमच्या!”

बाईंनी हँडब्रेक ओढला. डोळ्यांत पाणी आलं होतं ते रागाचं होतं, आणि ते पुसायची त्यांना अजिबात गरज वाटली नाही.

“काय म्हणालात?”

“अं? काही नाही. जोर… जोर म्हटलं…”

“हेच वर जाऊन म्हणा. हॉलमध्ये उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. गुरुजींच्या कानाशी दोनदा. मग मी गाडी वर आणते.”

“हो, हो, सांगतो की,” साहेब चष्मा चाचपत म्हणाले. “चला, घ्या गाडी मागे, जाऊ वर.”

बाईंनी पलीकडे वाकून त्यांच्या बाजूचं दार उघडलं.

“गाडी कशाला? चढ एवढासा आहे,” त्या म्हणाल्या. “चालत जा. बघू दे तुमच्या पायात किती जोर आहे.”